पातळ केस आणि जाड सल्ले

लहान मुलीचे केस आपल्या गोव्यात सार्वजनिक मालमत्तेत जमा आहेत, असे माझे गेल्या तीन वर्षांत मत बनले आहे. मुलगी आपली, डोके तिचे. पण त्या डोक्यावर किती उगवावे आणि पुरेसे न उगवल्यास काय करावे हे ठरवण्याचा अधिकार देवळातल्या ओळखीच्या बायांपासून कदंबच्या कंडक्टरपर्यंत सर्वांना असतो. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. तिचे केस रेशमासारखे बारीक आहेत, कोरडे आहेत, आणि मानेच्या खाली उतरले की टोकांना गुंततात. एवढीच काय ती गोष्ट. पण लग्नाच्या मांडवात आमची पावले पडायचा अवकाश, कोणीतरी तिची शेंडी दोन बोटांत धरून म्हणणारच, "चलयेचे केंस कितले पातळ रे! कितेंय कर मरे!"

हे खाते माझ्याकडे कसे आले ते आधी सांगतो. बायको परिचारिका आहे. तिची सकाळची पाळी असली की ती उजाडायच्या आत घर सोडते. मग मुलीला न्हाऊ घालणे, दांतोणी घेऊन गुंता सोडवणे, दोन शेंड्या बांधणे आणि शाळेच्या रिक्षात बसवणे ही सगळी कामे माझी. मी डॉक्टर नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, दिवसभर आवक-जावक सांभाळतो. पण कारकुनाला एक खोड असते. कोणी काही सांगितले की तो विचारतो, "याला आधार काय?" ती खोड मी केसांच्या बाबतीतही सोडली नाही. बायकोला विचारले, तिच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना विचारले, वाचायला मिळाले ते वाचले. त्यातून जे हाती लागले ते मांडतो आहे.

सल्ल्यांतला सर्वांत जुना आणि सर्वांत ठाम सल्ला म्हणजे टक्कल. "तकली तासून काड रे पुता एक फावट, केंस दाट येतले." मुलीचे जावळ आम्ही वर्षाच्या आत रीतीप्रमाणे काढले, मामाच्या मांडीवर बसवून, कुळदेवासमोर. तो संस्कार आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. ज्याला करायचा त्याने करावा. म्हणणे आहे ते पुढच्या टकलांबद्दल. जावळ एकदाच असते, पण दाट केसांच्या आशेने आपल्याकडे मुलींचे डोके दोनदा, तिनदा, काही घरांत शाळेत नाव घालीपर्यंत दर उन्हाळ्यात उतरवले जाते. आमच्याकडे ते झाले नाही. त्यामुळे मुलीच्या प्रत्येक पातळ केसाचा दोष माझ्या हट्टावर नोंदवला गेला आहे.

टकलाच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो तो ऐकायला फार गोड आहे. जास्वंदीची फांदी छाटली की दोन फुटवे येतात, मग केसांचे तसे का होऊ नये? आपण बागायतीतली माणसे, आपल्याला झाडाचा दाखला लगेच पटतो. पण इथे दाखलाच चुकीच्या फाईलला लावलेला आहे. जास्वंदीची फांदी जिवंत असते. तिचा शेंडा कापला की खालच्या डोळ्यांना फुटायची मोकळीक मिळते. केसाचा जो भाग आपल्याला दिसतो तो नखासारखा निर्जीव धागा आहे. जिवंत आहे ते कातडीखालचे मूळ, आणि वर वस्तरा फिरला हे त्याला कळतसुद्धा नाही. शिवाय डोक्यावर केसांची मुळे किती असणार हे मूल आईच्या पोटात असतानाच ठरून जाते. साधारण एक लाख. जन्मानंतर त्यात नव्या मुळांची भर पडत नाही. सरकारी भाषेत सांगायचे तर मंजूर पदे तेवढीच, वस्तरा फिरवून नवीन भरती होत नाही.

हे आजचे नवे संशोधनही नव्हे. अमेरिकेतल्या मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच मोजमाप करून दाखवले होते की दाढी केल्याने केस ना लवकर वाढतात, ना जाड होतात. पुढे १९७० साली एक गमतीचा प्रयोग झाला. पाच तरुणांनी काही महिने दर आठवड्याला फक्त एकाच पायाचे केस काढले, दुसरा पाय तसाच ठेवला. शेवटी दोन्ही पायांच्या केसांत फरक आढळला नाही. (ते पाच जण त्या काळात अर्धी चड्डी घालून कुठे फिरत होते का, हे मात्र नोंदवलेले नाही.)

मग इतक्या आज्या, इतक्या मावश्या खोटे बोलतात काय? नाही. त्यांनी जे पाहिले ते खरेच पाहिले, फक्त श्रेय चुकीच्या माणसाला दिले. बाळ जन्माला येते तेव्हाचे केस पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच मुलांचे गळतात. पाळण्यात निजून निजून डोक्याचा मागचा भाग तर घासून मोकळाच होतो. त्यानंतर येणारे केस हळूहळू जाड होत जातात, वर्षे-दोन वर्षे, कित्येक मुलांचे त्याहूनही पुढे. नेमके त्याच काळात आपण जावळ काढतो. केस जे आपल्या वेळेला येणारच होते ते येतात आणि मान न्हाव्याला मिळतो. दुसरे असे की न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून नव्याने उगवलेल्या खुंटांवरून हात फिरवला की ते भरघोस लागतात. सहा महिने थांबा, केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, सहा महिन्यांनी तोच बारीक धागा पुन्हा हाती येतो. मग पुढच्या टकलाचा सल्ला तयार!

आता कोरडेपणाकडे वळतो. माझ्या मते हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल कोणी काहीच सांगत नाही. केसांच्या मुळाशी कातडीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. आपल्या मोठ्यांच्या डोक्याला दोन दिवसांत जो चिकटपणा येतो तो त्यांचाच. नवजात बाळात आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे या ग्रंथी काही काळ जाग्या असतात, आणि म्हणून काही तान्ह्यांच्या टाळूवर पिवळट तेलकट खपल्याही धरतात. पण काही महिन्यांत त्या निजतात, त्या थेट वयात येण्याच्या सुमारास पुन्हा जाग्या होतात. मधली सगळी वर्षे, म्हणजे बालवाडी आणि प्राथमिक शाळा, मुलाच्या डोक्यात स्वतःचे तेल फारच थोडे असते. त्यात केस बारीक असला की झिजायला वेळ लागत नाही. तेव्हा पाच वर्षांच्या मुलीचे केस कोरडे आहेत यात बिघडलेले काही नाही. ते वयच कोरड्या केसांचे आहे.

हे एकदा ध्यानात आले की आपण काय करतो ते पाहून हसू येते. जे तेल मुळात नाहीच ते काढण्यासाठी आपण मुलाच्या डोक्यावर रोज फेस करतो. गोव्यात घाम येतो, धूळ आहे, समुद्राची वाळू आहे, सगळे खरे. पण घाम आणि वाळू नुसत्या कोमट पाण्याने जातात. शाम्पू आठवड्यातून दोनदा पुरतो, तोही लहान मुलांचा सौम्य, तळहातावर पाण्यात पातळ करून, आणि डोक्याच्या कातडीपुरता. केसांच्या लांबीवर तो चोळायची गरज नसते, धुताना जो फेस खाली वाहतो तेवढ्यात टोके साफ होतात. मिरामारला वाळूत खेळून आली की त्या दिवशी भरपूर गोड्या पाण्याने डोके धुवायचे. खारे पाणी केसांत वाळू द्यायचे नाही.

अंगाचा साबण मात्र डोक्याला नको, मग जाहिरातीतले बाळ कितीही गुटगुटीत असो. साबण क्षारी असतो. त्याने केसाच्या वरचे खवले उघडे पडतात, खवले एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. त्यातून किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी मे महिन्यात मचूळ व्हायला लागते. तसल्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, पांढरा साका मात्र केसांवर बसतो. आमच्याकडे ओपाचे नळाचे पाणी आहे म्हणून आम्ही यातून सुटलो.

शिकेकाई आणि रिठ्याबद्दल लोक भक्तिभावाने बोलतात. माझ्या आजीचे केस शिकेकाईनेच धुतले जात आणि ते शेवटपर्यंत कमरेखाली होते, हे मी स्वतः पाहिले आहे. पण आजीला डोळे मिटून बसायचे कळत होते. पाच वर्षांच्या मुलीला ते कळत नाही, आणि रिठ्याचा फेस डोळ्यांत गेला की पुढचे महिनाभर न्हाणीघराचे नाव काढले तरी ती माडावर चढून बसेल. नैसर्गिक वस्तू आहे म्हणजे ती सौम्यच असणार, हा आपला एक गोड गैरसमज आहे. मिरचीही नैसर्गिकच आहे की! त्यापेक्षा जास्वंदीची पाने बरी. चार-पाच हिरवी पाने पाण्यात चुरगळली की बुळबुळीत रस सुटतो, तो केसांवरून फिरवला की फणी अलगद जाते. रस फडक्यातून गाळून घ्यायला हवा, नाहीतर चोथा केसांत अडकतो. ज्यांच्या परसात जास्वंद नाही त्यांनी दुकानातल्या कंडिशनरचे चणाडाळीएवढे बोट टोकांना लावले तरी काम तेच होते. त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही.

गुंता सोडवणे ही मात्र कला आहे, आणि यात मी आता कोणाही आईला हार जाणार नाही. ओला केस ताणला की लांबतो आणि तुटतो, म्हणून आधी पाणी टिपून घ्यायचे. टिपायचे, खसाखसा पुसायचे नाही. त्यासाठी जाड तुवालो नको, जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा सर्वांत उत्तम. मग रुंद दातांची फणी घेऊन टोकापासून सुरुवात करायची, दोन बोटे वर, आणखी दोन बोटे वर, असे करत मुळापर्यंत पोचायचे. केसाची बट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरली की ओढ डोक्याला लागत नाही. घाईच्या सकाळी आपण करतो नेमके उलटे. वरून फणी घुसवतो, ती मध्येच अडते, आपण ओढतो, मुलगी रडते, आणि फणीत आलेला पुंजका दाखवून म्हणतो, "बघ, किती केस गळतात!" तो गळलेला केस नव्हे, तोडलेला.

आता खोबरेल. या विषयावर गोव्यात बोलणे म्हणजे देवाबद्दल बोलण्यासारखे आहे, म्हणून जपून बोलतो. खोबरेल चांगलेच आहे. २००३ साली 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये रेले आणि मोहिले या दोघा भारतीय संशोधकांचा एक अभ्यास छापून आला. त्यांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुताना आणि विंचरताना केसातले प्रथिन जे झिजून जाते ते खोबरेलाने कमी झाले, बाकीच्या दोघांनी झाले नाही. कारण खोबरेलातले लॉरिक आम्ल लहान, सरळ रेणूचे असल्याने केसाच्या आत शिरते. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, एवढी टीप मी कारकून म्हणून समासात लिहून ठेवतो. पण आपल्या आज्यांच्या अनुभवाशी ते जुळते.

मात्र त्यातले म्हणणे नीट वाचायला हवे. तेल असलेल्या केसाची झीज कमी करते. तेल नवा केस उगवत नाही, बारीक केस जाड करत नाही. म्हणजे त्याची जागा न्हाण्याच्या आधी, झीज होणार त्या वेळी. अर्धा चमचा तेल हातावर घेऊन केसांच्या लांबीला आणि टोकांना लावायचे, अर्ध्या-पाऊण तासाने डोके धुवायचे. संपले. आपल्याकडे होते काय, तर धुतलेल्या डोक्यावर सकाळी वाटीभर तेल थापून मुलीला शाळेत पाठवतात. आपली हवा दमट. वरून घाम, वरून मैदानातली धूळ, सगळे त्या तेलात रुतते, कपाळावर आणि मानेवर पुटकुळ्या येतात, आणि ते काढायला संध्याकाळी पुन्हा फेस. तान्ह्या बाळाची टाळू तेलाने भरणाऱ्यांनाही हेच. बोट फिरवून माया करावी, पण ते तेल आत मेंदूपर्यंत जात नाही, आणि टाळूवर खपल्या असतील तर त्यांवर तेल तसेच ठेवू नये. मऊ करायला लावावे आणि धुवून काढावे.

नारळाच्या दुधापासून आटवून काढलेले तेल, ज्याला तळकोकणात आवेल म्हणतात, ते घरी करणाऱ्या बाया अजून आहेत. त्याचा वास घेतला तरी पोट भरते. पण २०२५ साली नारळाचे भाव असे चढले की माझ्या बायकोने एक दिवस मला सरळ विचारले, नारळ हुमणात घालू की चलयेच्या तकलेर? (खोबरेल पोटाचे की केसांचे, हा वाद काही फक्त आमच्या स्वयंपाकघरातला नव्हे. करखात्याने तो अनेक वर्षे लढवला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शुद्ध खोबरेल लहान बाटलीत विकले एवढ्यावरून ते केसांचे तेल ठरत नाही. त्या वेळी खाद्यतेलावर ५ टक्के आणि केसांच्या तेलावर १८ टक्के कर होता, म्हणून भांडण. २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचे तेल आणि शाम्पूही ५ टक्क्यांत आले आणि भांडणातली हवाच गेली. असो.)

तेलात काय काय उकळावे याचे सल्ले वेगळेच. मेथी, कढीपत्ता, माका, ज्याला जे रुचेल ते. त्याने नुकसान सहसा होत नाही. पण कापूर लहान मुलाच्या तेलात कधीही घालू नका. उवांवर, कोंड्यावर म्हणून कापराची वडी तेलात विरघळवून ठेवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. कापूर कातडीतूनही अंगात शिरतो आणि थोडासा जरी मुलाच्या पोटात गेला तरी झटके येऊ शकतात. बायकोने हे मला सांगितले तेव्हा मी देवघरातली कापराची डबी उचलून वरच्या फळीवर ठेवली. कांद्याचा रस लावा असे मोबाईलवर येणाऱ्या चित्रफितीत सांगतात. लहान मुलाच्या नाजूक कातडीला तो झोंबतो, आणि शाळेत तिच्या शेजारी कोण बसेल?

प्रत्येक पातळ केस निरोगीच असतो, असे मात्र मी म्हणत नाही. डोक्यावर गोल चट्टे पडून तिथले केस तुटत असतील, खवले निघत असतील, खाज असेल, तर ती बहुधा बुरशी आहे. ती तेलाने जात नाही, वरून लावायच्या मलमानेही पुरेशी जात नाही, पोटात औषध घ्यावे लागते. केस एकाएकी जाऊन गुळगुळीत चकती दिसू लागली, हलकेच ओढले तरी न दुखता पुंजकेच्या पुंजके हाती येऊ लागले, किंवा मूल फिकट, दमलेले, वाढीत मागे वाटले तर डॉक्टरकडे जावे. कधी लोह कमी असते, कधी थायरॉईडचा दोष असतो. रक्ताच्या तपासणीत ते कळते, न्हाव्याच्या खुर्चीत कळत नाही. आमच्या मुलीची तपासणी झाली, काही निघाले नाही. ती हुमण-भात खाते, अंडे खाते, नाचण्याचे तिजण मात्र नाक मुरडून पिते. केस बारीक आहेत कारण तिच्या बापाचे बारीक होते. होते म्हणतो, कारण आता ते फारसे उरलेले नाहीत.

आणि इथेच मला जे मुख्य म्हणायचे आहे ते येते. याच मुलीच्या जागी मुलगा असता तर? आमच्या वाड्यावर तिच्याच वयाचा एक मुलगा आहे, त्याचे केस तिच्याहून विरळ आहेत. त्याची शेंडी दोन बोटांत धरून कोणी काही बोलल्याचे मी अजून ऐकले नाही. मुलीच्या केसांची काळजी ही केसांची काळजी नसते. पंचवीस वर्षांनंतरच्या कुठल्यातरी मांडवाची ती आगाऊ तयारी असते. बाईचे केस हे कुटुंबाची शोभा, ते दाट हवेत, लांब हवेत, त्यांत अबोलीची फाती शोभली पाहिजे. आणि याच समाजाने दोन-तीन पिढ्यांमागे नवरा वारलेल्या बाईचे तेच केस उतरवून तिला आलवणात कोपऱ्यात बसवले. गोव्यातही बसवले. वाढवायचे तेव्हा आमच्या मर्जीने, उतरवायचे तेव्हाही आमच्या मर्जीने. केस जिच्या डोक्यावर होते तिला कोणी विचारले नाही. पाच वर्षांच्या मुलीला दाट केसांसाठी टक्कल करायला बसवणारी मावशी प्रेमानेच बसवते, हे मला मान्य आहे. पण विचारत तीही नाही.

मुले ऐकत असतात. गेल्या चवथीला घरातल्या सगळ्या बायका-मुलींनी फाती माळली. आमच्या मुलीलाही माळली. बारीक केसांवरून ती दोनदा घसरली, तिसऱ्यांदा बायकोच्या मावशीने हसत हसत ती काढून दुसऱ्या मुलीच्या वेणीत घातली. रात्री निजताना मुलगी मला म्हणाली, "बाबा, म्हजे केंस वायट?" हा शब्द तिचा नव्हता. तो तिला आम्ही मोठ्यांनी दिला होता, मांडवामांडवांतून, हप्त्याहप्त्याने. पाच वर्षांच्या मुलीने आपल्या शरीराच्या एका भागाला वाईट म्हणायला शिकावे, याची भरपाई कुठले तेल करणार आहे?

तेव्हापासून मी घरात नियम केला. तिच्या देखत तिच्या केसांवर शेरा नको, चांगला नको आणि वाईटही नको. पाहुण्यांना मी तो सांगतो. काहींना राग येतो. येऊ दे.

आणि केस आखूड कापून घेतले. मानेपर्यंत, सरळ रेषेत. टक्कल नव्हे, हे तिला विचारून. आखूड केस जरा दाट दिसतात, टोकांचा गुंता जातो, सकाळची पंधरा मिनिटे वाचतात. शाळेचा दोन वेण्यांचा आग्रह होता, तो बाईंना भेटून सोडवला. घट्ट वेणी आणि त्यावर आवळलेले रबर बारीक केसांना मुळातून ओढतात. हे वर्षानुवर्षे चालले की कपाळाच्या आणि कानांच्या कडेचे केस कायमचे मागे सरकतात. बाई समजूतदार निघाल्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना समजवायला जास्त वेळ लागला, कारण त्यांचा प्रश्न एकच होता, चवथीला फाती कुठे माळणार?

त्यावरही उपाय आहे. सुती कापडाचा दोन बोटे रुंद पट्टा घ्यायचा, हिरव्या रंगाचा घेतला तर उत्तम, तो कपाळाच्या वरून मागे नेऊन मानेवर सैल बांधायचा. फाती केसांत न खोवता या पट्ट्याला दोऱ्याने तीन जागी टाचायची, दोन्ही कानांवर आणि मध्ये एकदा. अबोली वजनाला हलकी असते, म्हणून पट्टा ओढला जात नाही. म्हार्दोळच्या जायांची माळ असेल तर ती जरा जड, तिला पाच टाके लागतात. दोरा सैल घालावा, म्हणजे रात्री पट्टा सोडताना फूल तुटत नाही आणि केसही.